पाचव्या फ्रीजरचा बाप

१

अडतीस लिटर आईचं दूध मोरीत ओतायचं म्हणजे हात धजायला हवेत. कारुआरू गावच्या प्रसूतिगृहातल्या दूधपेढीत त्या सकाळी कुणाचेच धजेनात. शेवटी पेढीतल्या जुन्याजाणत्या दोना मारिनेतेंनीच बाह्या सारल्या, आणि पाचव्या फ्रीजरमधली एकेक बाटली उघडून त्या रिकामी करायला लागल्या. प्रत्येक बाटलीवर दूध देणाऱ्या बाईचं नाव होतं. दोना मारिनेते ते नाव वाचायच्या, मग बाटली उलटी करायच्या.

फ्रागोसो मास्तर दारात आले ते हे बघूनच थबकले. तांत्रिक शाळेत चौतीस वर्षं कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा नातू सातव्या महिन्यात जन्मला, तळहातावर मावेल एवढा, आणि याच पेढीच्या दुधावर जगला. दर तीन तासांनी त्याला थेंबथेंब पाजलं ते दोना मारिनेतेंनीच. त्या उपकारापोटी मास्तरांनी फ्रीजरवर पहारा ठेवणारा प्रोग्राम पेढीला फुकट लिहून दिला होता. फ्रीजर तापायला लागला की भोंगा वाजायचा.

काल मात्र तो वाजला नव्हता.

"पाय पुसून या, मास्तर," मान वर न करता दोना मारिनेते म्हणाल्या. "आधीच सगळं चिकट झालंय."

पेढीच्या प्रमुख डॉक्टर ग्लाउसिया कागद घेऊन उभ्याच होत्या. काल संत जुआंवचा सण. गावभर रोषणाई, भार सोसेना, दुपारी दोनला वीज गेली. पाच मिनिटांनी आली, पण पाचव्या फ्रीजरचा खटका पडलेलाच राहिला. रात्रपाळीची परिचारिका भोंग्याच्या भरवशावर निश्चिंत होती. सकाळी फ्रीजर उघडला तर बर्फाचं पाणी.

"हे बघा, प्रोग्रामने स्वतःच लिहून ठेवलंय," डॉक्टरांनी छापील कागद पुढे केला.

तीनच ओळी होत्या. *दोन वाजून सात मिनिटे: फ्रीजरचा क्लास तयार.* पुन्हा तीच ओळ, तीच वेळ. आणि मग: *पहारा सुरू, फ्रीजर चार.*

"फ्रीजर पाच आहेत, मास्तर. ही 'क्लास तयार'ची ओळ एरवी एकदाच येते, काल दोनदा आली. म्हणजे दोना मारिनेतेने पहारा सुरू केला, पाचव्याचा भोंगा बोंबलला, हिने बंद केला, पाचवा यादीतून काढला आणि परत सुरू केला. साडेतीनला नातीचा नाच होता ना चौकात! कानाशी कटकट नको म्हणून अडतीस लिटर दूध घालवलं."

दोना मारिनेतेंच्या हातातली बाटली क्षणभर थांबली. मग उलटी झाली.

"पाचला चौकशी समिती बसतेय. हा कागद खरा आहे, एवढी तुमची सही हवी. सत्तावीस वर्षांची नोकरी आहे, मलाही वाईट वाटतंय. पण बडतर्फी टळत नाही."

दोना मारिनेतेंच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. बडतर्फ झाल्या तर सत्तावीस वर्षांच्या सेवेवर शेवटचा शब्द 'निष्काळजी' हा लागणार होता, आणि त्याखाली सही मास्तरांची असणार होती.

"पाचला अजून सहा तास आहेत," मास्तर म्हणाले. "सही शेवटी करतात, डॉक्टर. आधी वाचतात."

२

पहिली गाठ वीजमिस्त्री एदनाल्दोशी. तो जिन्याखाली बसून मक्याच्या पानात गुंडाळलेली पामोन्या, मक्याची गोड वडी, खात होता आणि मास्तरांना बघून घास गिळायचं विसरला.

"वीज आल्यावर फ्रीजर बघितलेस?"

"बघितले की. सगळे."

"किती?"

"सगळे म्हणजे... चार."

"पाचवा?"

एदनाल्दोने पान चुरगाळलं. "तो बोळात ठेवलाय हो, फेब्रुवारीत आला तेव्हा आत जागा नव्हती. माझ्या डोक्यात पेढीत चारच. म्हटलं, काही राहिलं तर भोंगा वाजेलच! भोंगा आहे कशाला?"

त्याने मान खाली घातली. मास्तरांना त्याचा राग आला, पण या पेढीत सगळ्यांनीच आपलं डोकं त्या भोंग्याकडे गहाण टाकलं होतं, आणि भोंगा तर त्यांचाच.

दुसरी गाठ रायानेशी. मास्तर निवृत्त झाल्यापासून प्रोग्राम ही पोर सांभाळत होती. मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी, बातमी कळताच सकाळच्या बसने रेसिफेहून आलेली, आणि तोंडावर भीती स्पष्ट.

"पाचव्याचा भाग मी लिहिला, मास्तर. पण तुम्हीच शिकवलंत तसा. बघा ना."

मास्तरांनी बघितलं. पायथन भाषेत लिहिलेला हा प्रोग्राम म्हणजे एक कुटुंबच होतं. मास्तरांच्या जुन्या फाइलमध्ये 'फ्रीजर' नावाचा मूळ क्लास, म्हणजे घराण्याचा बाप. तापमान कसं मोजायचं, भोंगा कधी वाजवायचा, हे सगळं त्याच्या अंगी. पहिले चारही फ्रीजर त्याच फाइलमध्ये जन्मलेली त्याची पोरं. पाचवा नव्या बनावटीचा, म्हणून रायानेने त्याचा क्लास वेगळ्या फाइलमध्ये लिहिला; पण बाप म्हणून नाव लावलं ते मास्तरांच्याच फ्रीजरचं. त्यामुळे बापाचे सगळे गुण त्याला वारशाने आले.

पहारा सुरू होताना प्रोग्राम दारवानासारखा प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारायचा: तू फ्रीजरच्या वंशातला का? होय म्हणेल तो पहाऱ्यात. नाही म्हणेल तो दिवा असेल, पंखा असेल. त्याला गुपचूप वगळायचं.

"पाचव्याला विचार," मास्तर म्हणाले.

रायानेने आपल्या लॅपटॉपवर प्रोग्राम सुरू केला आणि प्रश्न घातला. पाचवा फ्रीजर, तू फ्रीजरच्या वंशातला का?

*होय.*

दहादा विचारलं. दहादा होय. पहाऱ्यात फ्रीजर पाच.

"म्हणजे माझी चूक नाही," रायाने म्हणाली, आणि लगेच ओशाळली. तिलाही कळलं होतं की या एका 'होय'ने कुणाच्या गळ्याला फास लागला. प्रोग्राम निर्दोष असेल तर पाचवा आपोआप गळला नव्हता. कुणीतरी हाताने काढला होता, आणि काल त्या कॉम्प्युटरला हात लावणारी बाई एकच होती.

३

दोना मारिनेते बाटल्या उकळत होत्या. मागच्या भिंतीवर सणाच्या कागदी पताका दाटीवाटीने लावलेल्या, काही कॉम्प्युटरच्या वरपर्यंत लोंबत होत्या. कॉम्प्युटरच्या कळफलकावर डॉक्टरांनी चिकटपट्टी मारून ठेवली होती, खुनाची जागा असावी तशी. आत कालचाच पहारा अजून चालू होता.

"काल काय केलंत, तेवढंच सांगा," मास्तर म्हणाले.

"जे दर वेळी करते तेच. वीज आली, कॉम्प्युटर लावला, लिहिल्याप्रमाणे पहारा सुरू केला. एकदाच."

"बंद करून परत?"

"एकदाच म्हटलं ना!" त्यांनी चिमटा आपटला. "सत्तावीस वर्षांत मी नातीचे चार नाच चुकवले, मास्तर. पाचवा बघितला तर पोरांचं दूध सांडलं म्हणे मी. सांडू दे. कागद म्हणतोय ना दोनदा, मग दोनदा. कागदापुढे माणसाचं काही चालत नाही, हे मी बापाच्या वेळीच शिकले."

"बापाच्या वेळी?"

"अहो, माझा बाप दोनदा जन्मला ना!" त्या कडवट हसल्या. "आजोबांनी त्याच्या जन्माची नोंद गावच्या कचेरीत केली. पुढे साखर कारखान्यात नोकरीला कागद मागितला, तर गाव तीन दिवसांवर. आमच्याकडची रीत माहितीय तुम्हाला, कागद सापडेना की नवा काढा. शहरातल्या कचेरीत दुसरी नोंद. तेच नाव, तीच आई, तीच तारीख. मी जन्मले ती या दुसऱ्या नोंदीवर. आजोबा गेले, जमिनीचा वारसा लागायची वेळ आली, तर कारकून म्हणतो, जमीन पहिल्या नोंदीवाल्या माणसाची. तुम्ही दुसऱ्याची मुलगी. तुमचा संबंध नाही. मी म्हटलं, अरे, माणूस एकच! तो म्हणाला, बाई, मी माणूस बघत नाही. नोंदीचा आकडा बघतो."

"मग जमीन?"

"गेली. चुलत्यांनी घेतली."

मास्तर हसायला गेले आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. नाव तेच, आई तीच, आणि आकडे दोन. ते दारात उभ्या रायानेकडे वळले.

"रायाने! डॉक्टरांच्या कागदावर नुसती मिनिटं आहेत. मूळ नोंदीत सेकंद असतील. काढ."

मूळ नोंद पेढीच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवरही उतरत होती. रायाने पळत गेली आणि पळतच आली.

"पहिली ओळ दोन वाजून सात मिनिटं, एकतीस सेकंद."

"आणि दुसरी?"

रायानेचा आवाज बारीक झाला. "तीही एकतीस."

४

डॉक्टर ग्लाउसियांना बोलावणं धाडलं तेव्हा चार वाजून गेले होते. त्या आल्या त्या घड्याळ बघतच.

"एका सेकंदात," मास्तर म्हणाले, "प्रोग्राम सुरू करायचा, भोंगा ऐकायचा, बंद करायचा, यादी बदलायची आणि परत सुरू करायचा. दोना मारिनेते चपळ आहेत, पण एवढ्या नाहीत."

"मग ओळ दोनदा कशी?"

"तेच विचारतो. चिकटपट्टी काढू?"

डॉक्टरांनी मान हलवली. मास्तर खुर्चीत बसले. चालू पहाऱ्याला प्रश्न विचारायची एक खिडकी रायानेने ठेवलेली होती. मास्तरांनी सकाळचाच प्रश्न घातला. पाचवा फ्रीजर, तू फ्रीजरच्या वंशातला का?

*नाही.*



"पण मी तर त्याचंच नाव लावलंय!" रायाने ओरडली. "विचारा त्याला, बाप कोण?"

विचारलं. पाचवा म्हणाला: *फ्रीजर.*

"खोटं बोलतंय काय यंत्र?" डॉक्टर पुढे सरकल्या. "बाप फ्रीजर, आणि फ्रीजरच्या वंशातला नाही?"

"यंत्र खोटं बोलत नाही. ते त्या कारकुनासारखं आहे. थांबा, आकडा विचारू." मास्तर पुन्हा कळफलकाकडे वळले. यंत्राच्या डोक्यात प्रत्येक वस्तूचा एक आकडा असतो, नोंदवहीतल्या क्रमांकासारखा. दारवान ज्या फ्रीजरला ओळखत होता त्याचा आकडा उमटला. मग पाचव्याच्या बापाचा.

आकडे वेगळे होते.

"बाप दोनदा जन्मलाय," दोना मारिनेते मागून हळूच म्हणाल्या.

"हो, बाई. तुमच्याच बापासारखा." मास्तर वळले. "पायथनची एक खोड आहे, डॉक्टर. जी फाइल तुम्ही थेट उठवता, तिची नोंद तिच्या नावाने होत नाही. तिला नुसतं 'मुख्य' म्हणतात. काल माझी जुनी फाइल थेट उठवली गेली. तिने बाप तयार केला, पहिली ओळ लिहिली. मग पाचव्याची पाळी आली. त्याच्या फाइलने माझी फाइल तिच्या खऱ्या नावाने मागितली. यंत्राने नोंदवही चाळली, त्या नावाची नोंदच नाही. मग काय केलं असेल?"

"कागद सापडेना," दोना मारिनेते म्हणाल्या, "की नवा काढला."

"तीच फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचली. दुसरा बाप तयार, दुसरी ओळ, सेकंद तोच. पाचवा या दुसऱ्या बापाचा मुलगा. दारवान ओळखतो पहिल्याला. पाचव्याला 'तुझा संबंध नाही' म्हणून गुपचूप वगळलं."

"आणि माझ्याकडे होय कसं आलं?" रायानेने विचारलं.

"तू कसा सुरू करतेस?"

"फेब्रुवारीत छोटी नवी फाइल केली. ती तुमच्या फाइलला नावाने हाक मारते. नोंद एकच..." ती थांबली. तिला सगळं दिसलं.

डॉक्टर मात्र हटल्या नाहीत. "मास्तर, समितीला असल्या गोष्टी सांगून चालणार नाही. मला डोळ्यांनी दाखवा."

सकाळी खटका लावल्यापासून पाचवा पुन्हा गार झाला होता; एदनाल्दोला बोळात उभं केलं. पाचव्या फ्रीजरची तापमान मोजणारी सळी त्याने मुठीत धरली. माणसाच्या मुठीची ऊब म्हणजे दुधाचा सत्यानाश. भोंगा वाजायलाच हवा. कालचा पहारा चालूच होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. भोंगा गप्प.

मग मास्तरांनी तो पहारा बंद केला आणि रायानेच्या नव्या फाइलने सुरू केला. 'क्लास तयार' ही ओळ एकदाच उमटली. पहाऱ्यात फ्रीजर पाच.

भोंगा असा कडाडला की एदनाल्दोच्या हातून सळी पडली.

दोना मारिनेतेंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. सकाळपासून कोरडे राहिलेले त्यांचे डोळे आता भरून आले. त्यांचा निर्दोषपणा पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा सांगत होतं.

"ठीक," डॉक्टर म्हणाल्या. घड्याळात पाचला दहा कमी होते. "हिने मुद्दाम केलं नाही, मान्य. पण समिती विचारणार, नवी फाइल असताना जुनी थेट उठवली का? ही चूक कुणाची तरी आहेच ना?"

५

"मी सगळ्यांना ईमेल केलं होतं," रायाने म्हणाली. "फेब्रुवारीत. जुनी उठवू नका म्हणून."

"ईमेल!" दोना मारिनेते म्हणाल्या. "माझे हात दिवसभर दुधात, पोरी."

"मग कुणाच्या सांगण्यावरून केलंत, दोना मारिनेते?" मास्तरांनी विचारलं. "मघाशी म्हणालात, लिहिल्याप्रमाणे. कुठे लिहिलंय?"

दोना मारिनेतेंनी उकळत्या भांड्याखालचा जाळ बारीक केला. मग नको तितका वेळ हात पुसले.

"राहू द्या ना, मास्तर. सुटले ना मी? झालं तर मग."

"अजून सुटला नाहीत. डॉक्टर नाव मागतायत."

"माझंच घाला. पाच महिन्यांनी तशीही घरीच बसायचंय."

असं बोलणारा माणूस कुणालातरी पाठीशी घालत असतो, हे कळायला गुप्तहेर लागत नाही. मास्तरांनी खोलीभर नजर फिरवली. दोना मारिनेते एका जागेकडे मुद्दाम बघत नव्हत्या. मास्तर उठले, कॉम्प्युटरपाशी गेले आणि वर लोंबणाऱ्या पताका बाजूला सारल्या.

भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला एक पिवळा कागद होता. चार कोपऱ्यांना चार खिळे, अकरा वर्षं कुणी न हलवलेले. अक्षर ठळक, शाळामास्तरी, फळ्यावरचं असावं तसं.

*वीज जाऊन आली की: पहिलं, कॉम्प्युटर लावा. दुसरं, पहाऱ्याची फाइल शोधा. तिसरं, तीच फाइल थेट उघडून सुरू करा, दुसरं काही करू नका. चौथं, दोना मारिनेते, आता निर्धास्त राहा, बाकीचं यंत्र बघेल.* खाली सही: *ओतोनिएल फ्रागोसो.*

अकरा वर्षांपूर्वी तिसरी ओळ बिनचूक होती. तेव्हा सगळं कुटुंब एकाच फाइलमध्ये नांदत होतं. फेब्रुवारीत पाचवा वेगळ्या घरात जन्मला आणि ती ओळ सापळा झाली; तेव्हापासून वीज गेली ती कालच पहिल्यांदा. रायानेने नवी वाट बांधली, पण मास्तरांचा कागद भिंतीवरून काढायची हिंमत कुणाला झाली नाही. आणि मास्तर? निवृत्त झाल्यापासून ते इकडे एकदाही फिरकले नव्हते.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"यंत्रातलं मला काय कळतं! पण तुम्ही मघाशी 'फाइल थेट उठवली' म्हणालात, तेव्हा तिसरी ओळ आठवली. अकरा वर्षं वाचतेय, पाठ आहे मला." त्या नजर चुकवून म्हणाल्या. "म्हटलं, म्हातारा आपणहून नातवाच्या दुधाचं ऋण फेडायला आला होता. त्याच्याच गळ्यात कशाला घालायचं?"

 सकाळपासून मास्तर गुन्हेगार शोधत होते, एदनाल्दोवर रागावले होते, रायानेची उलटतपासणी घेतली होती. या बाईने चौकशीत एकदाही 'मास्तरांनीच लिहून दिलंय' असं म्हटलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तिच्याबद्दल माया दाटून आली.

त्यांनी चारही खिळे उपटले. डॉक्टरांच्या हातून चौकशीचा कागद घेतला. 'जबाबदार व्यक्ती' या ओळीपुढे दोना मारिनेतेंचं नाव छापलेलं होतं. ते खोडून त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, सही केली आणि पिवळा कागद पुरावा म्हणून मागे टाचला.

"अहो, पण तुम्ही इथले नोकर नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला बडतर्फ कसं करू?"

"बडतर्फ नका करू, कामाला लावा," दोना मारिनेतेंनी डोळे पुसले. "भिंत मोकळी पडलीय. नवा कागद कोण लिहिणार?"

रायानेने कोरा कागद आणला. मास्तरांनी पेन उचललं. मग पहिल्या ओळीत लिहिलं: *हा कागद दर संत जुआंवला फाडा आणि रायानेला विचारून नवा लावा.* पुढच्या दोन ओळी रायानेने सांगितल्या आणि त्यांनी उतरवून घेतल्या. चौथीपाशी ते अडले. 'निर्धास्त राहा' असं लिहायला हात होईना.

"लिहा," दोना मारिनेते खांद्यावरून वाकून म्हणाल्या. "यंत्राने होय म्हटलं, तरी बोळात जाऊन पाचव्याला हात लावून बघा."

मास्तरांनी तसंच लिहिलं. खाली सही करताना त्यांनी आपल्या नावाआधी दोना मारिनेतेंचं नाव घातलं.